गटाराचे अर्थशास्त्र आणि नगरपालिकेतील लोकशाही



लहान शहराचे राजकारण कोठे चालते असे विचारले, तर कोणीही नगरपालिकेच्या इमारतीकडे बोट दाखवील. परंतु चाळीस-पन्नास हजार वस्तीच्या गावातला जाणता नागरिक सांगेल की, निर्णय तेथे वाचून दाखविले जातात. घेतले जातात ते अन्यत्र. सभेच्या अखेरीस ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून पाच-सात ठराव मांडले जातात, सूचक-अनुमोदकांची नावे लिहिली जातात आणि पुढील वर्षाचे रस्ते, गटारे, नळयोजना कोणाच्या हाती जाणार हे पक्के होते. गावाचा पैसा खर्च होण्याची ही घटिका. आणि नेमक्या याच घटिकेला लोकशाही गैरहजर असते.

ही केवळ माणसांच्या नीतिमत्तेची गोष्ट नव्हे. तिच्यामागे अर्थरचना आहे. महाराष्ट्रातील नगरपालिकांचा कारभार १९६५ च्या कायद्यानुसार चालतो. जकात हे त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. त्याआधी, १९९३ मध्ये, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती. तिने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नमूद केले; मात्र त्यांतले किती सोपवायचे आणि त्यांसाठी पैसा किती द्यायचा, हे राज्य सरकारांच्या मर्जीवर राहिले. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याची कल्पना स्वतंत्र सत्तेच्या चार खांबांची होती. प्रत्यक्षात खालचे खांब वरच्या छताला टांगलेले आहेत.

पैसा वरून योजनेच्या रूपाने येतो, तेव्हा तो आणणारा मध्यस्थही निर्माण होतो. मुंबईत मंजुरीचा पाठपुरावा करणारा, अंदाजपत्रक तयार करवून घेणारा आणि पुढे तेच काम करणारा माणस एकच असू शकतो. मग गावाला गटार कोठे हवे यापेक्षा कोणत्या योजनेत निधी आहे, हा प्रश्न मोठा ठरतो. चांगल्या रस्त्यावर पुन्हा काँक्रीट पडते आणि दलित वस्तीतले सांडपाणी उघड्यावरून वाहतच राहते.

निविदांची स्पर्धा हा यावरचा उपाय मानला जातो. अर्थशास्त्र सांगते की, स्पर्धेला पुष्कळ आणि परस्परांपासून स्वतंत्र असे विक्रेते लागतात. तालुक्याच्या गावी यंत्रसामग्री असलेले ठेकेदार चार-पाच. डांबर गरम असतानाच पोहोचावे लागते, म्हणून दूरचा ठेकेदार सहसा येत नाही. बिल महिनोन् महिने अडकते, म्हणून कमी भांडवलाचा प्रामाणिक माणूस टिकत नाही. उरलेले चौघे एकमेकांना ओळखतात. यावेळी तुझे, पुढच्या वेळी माझे, असे ठरते. ठरावीक रकमेवरील कामांना ई-निविदा सक्तीची झाली, तेव्हा एका कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्या रकमेच्या आत बसविण्याची युक्तीही निघाली. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नगरसेवक कायद्याने अपात्र ठरतो. म्हणून कंत्राट भाच्याच्या नावावर असते.

या साऱ्याची किंमत अखेर कोण मोजतो? टक्केवारी वाटून उरलेल्या रकमेत नफा काढायचा, तर सिमेंट कमी करता येते किंवा मजुरी. घंटागाडीवरचा, गटारात उतरणारा कामगार ठेकेदाराचा असतो. सही एका रकमेवर आणि हाती दुसरी, हा अनुभव त्याला नवा नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्यानुसार, ठेकेदाराने वेतन चुकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणजे तो कायदा लागू होतो तेथे नगरपालिकेवर. ही जबाबदारी किती ठिकाणी पार पाडली जाते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावी विचारावे.

पर्याय नाही असे मात्र नाही. लंडन कौंटी कौन्सिलने १८९० च्या दशकाच्या आरंभी यॉर्क रोडच्या गटारासाठी निविदा मागविल्या. अभियंत्याचा अंदाज ७,००० पौंडांचा. निविदा आल्या दोनच, एक ११,५८८ पौंडांची आणि दुसरी ११,६०८ पौंडांची. कौन्सिलने ते काम स्वतःच केले, ५,१६३ पौंडांत. तिचा बांधकाम विभाग पुढे १९०९ मध्ये विरोधी बहुमताने मोडीत काढला, हाही धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. केरळात वाग्भटानंदांच्या प्रेरणेने १९२५ मध्ये स्थापन झालेली उरळुंगल येथील मजूर सहकारी संस्था आज मोठमोठे रस्ते आणि पूल बांधते. पुण्यात कचरावेचक महिलांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रातही मजूर सहकारी संस्थांना कामे राखून ठेवण्याची पद्धत आहे. पण त्यांतल्या कित्येक संस्थांत मजूर कागदावर आणि मालक पडद्याआड असतो. खरी संस्था उभी करणे हे विधायक कार्य आहे, आणि खोटी उघडी पाडणे हा संघर्ष.

यासाठी कार्यकर्त्याला अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. दरसूची, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका हे शब्द अभियंत्यापुरते राहता कामा नयेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागदाच्या प्रतीबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. राजस्थानात १९९४ मध्ये कोट किराना येथील जनसुनवाईत गावकऱ्यांपुढे सरकारी कामांच्या नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या, तेव्हा तर हा कायदाही नव्हता. वॉर्डातील एका गटाराची लांबी-खोली लोकांसमक्ष टेपने मोजून ती पुस्तिकेशी ताडून पाहणे, हे दहा निषेधसभांपेक्षा अधिक लोकशिक्षण करील.

महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक होते. २०२५ च्या डिसेंबरात तेथे निवडणुका झाल्या. लोकप्रतिनिधी आले, आता त्यांना प्रश्न विचारणारे लोक हवेत. तो प्रश्न पहिल्यांदा स्वपक्षाच्या नगरसेवकाला विचारावा लागेल. ऐनवेळच्या विषयाला त्याने हात का वर केला, याचे उत्तर मागण्याचे धैर्य नसेल, तर समाजवादाची भाषा व्यासपीठावरच राहील आणि गटार तसेच उघडे वाहील.