ग्लेन एकोची घोड्यांची चक्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुम्हांला एका परक्या गावाची हकीकत सांगणार आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिच्या वेशीपासून जवळच, मेरिलँड राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी ग्लेन एको नावाचे चिमुकले गाव आहे. वस्ती तीनशेच्याही आत!

1891 साली बाल्ट्झली नावाच्या दोघा भावांनी येथे व्याख्याने, संगीत आणि विद्याभ्यास यांचे केंद्र काढले. मोठे दगडी सभागृह बांधले. पण हिवतापाची आवई उठली, पैसाही आटला, आणि एकाच उन्हाळ्यात सारे आटोपले. अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन मात्र तेथे राहावयास आल्या आणि 1912 मध्ये तेथेच वारल्या. विद्येची जागा मग करमणुकीने घेतली. ट्राम कंपनीला उतारू हवे होते; तिने मार्गाच्या टोकाशी, 1911 पासून, करमणुकीची बागच चालविली. रोलर कोस्टर आले, पुढे पोहण्याचा तलाव आणि नृत्यगृह आले. 1921 मध्ये फिलाडेल्फियाच्या डेंटझेल कारखान्याची घोड्यांची चक्री आली. आपल्या जत्रेत असते तशीच, पण केवढी थोरली! लाकडी घोडे तर आहेतच, शिवाय ससे, शहामृग, जिराफ, हरीण, एक सिंह आणि एक वाघ.

या चक्रीवर काळ्या मुलांना बसू देत नसत. बागेच्या फाटकातूनच त्यांना मज्जाव होता.

30 जून 1960 रोजी हॉवर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने तेथे निदर्शने केली. गटाच्या नावातच ‘अहिंसक’ हा शब्द होता. तो कोठून आला, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. त्यांतील पाच जण आत जाऊन सरळ चक्रीवर बसले. तिकिटे हातात होती. रखवालदाराने उतरण्यास सांगितले, ते उतरले नाहीत, आणि पाचांनाही अटक झाली. त्यांत ग्वेंडोलिन ग्रीन ही अठरा वर्षांची मुलगी होती.

मला विशेष वाटते ते पुढचे. शेजारी बॅनॉकबर्न नावाची वसाहत आहे. तेथील गोऱ्या कुटुंबांच्या मुलांना बाग खुलीच होती. त्यांचे काही अडले नव्हते. तरी ती माणसे विद्यार्थ्यांच्या बरोबरीने फाटकापाशी उभी राहिली. पुरुष कामावर गेले की दिवसाची पाळी बायकांची. कडेवर नाही तर बाबागाडीत मूल, हातात फलक, आणि डोक्यावर ऊन. घरचा स्वयंपाक कोण करी, हे कोणी लिहून ठेवलेले नाही! यांतील बरीच कुटुंबे ज्यू होती, आणि समोर अमेरिकन नाझी पक्षाचे लोक स्वस्तिकाची चिन्हे मिरवीत उभे राहत. त्या बायकांच्या मनात काय येत असेल, त्याचा विचार तुम्हीच करा. उन्हाळा संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

1961 च्या हंगामात बाग सर्वांना खुली झाली. त्या पाचांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये रद्द केली. ग्वेंडोलिनबाई कालांतराने मेरिलँडच्या सिनेटवर निवडून आल्या.

बागेचे पुढे काय झाले, म्हणाल तर 1968 च्या हंगामानंतर ती बंद पडली आणि एकेक पाळणा विकला जाऊ लागला. 1970 मध्ये चक्रीही विकली गेली. तेव्हा गावातल्या एका बाईने पुढाकार घेतला, गावकऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली आणि सुमारे 80,000 डॉलर जमवून चक्री परत मिळविली. वर्गणीसाठी दारोदार फिरणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला ठाऊक नाही?

पुढे ती जागा सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आली. रोझा रेगन या कारागीर बाईंनी वीसेक वर्षे खपून एकेक घोडा, एकेक ससा खरवडून त्यांचे मूळ रंग उघडे केले. चक्री तिच्या जुन्या जागीच आहे, आणि उन्हाळ्यात तिच्यावर कोणाचेही मूल बसते.