गिरणगावातली खाणावळ

आमचा गट मुंबईत लोअर परळ बघून आला. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल, पंचतारांकित हॉटेल, बार. गिरणीची चिमणी तेवढी उभी आहे. दुकानं आम्ही काचेबाहेरूनच पाहिली.

याच गिरणगावात घाटावरच्या, कोकणातल्या कामगारांना बायका घरच्या खाणावळीत जेवू घालत. किराणा उधारीवर, कर्ज सावकाराचं! १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना जोडून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे आपल्या बचत गटांच्या मोठ्या बहिणीच म्हणा. पुढं १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडल्या आणि जेवणाऱ्यांची पंगतच उठली.

मॉलबाहेर दुपारी पोळीभाजीच्या गाडीपाशी ऑफिसातल्या मुलांची झुंबड होती. आम्हीही तिथंच जेवलो. पोळ्या बाईच लाटत होती.