पाहणारे यंत्र आणि न दिसणारा कामगार
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



दुकानाच्या गल्ल्यावरचे काम वरवर पाहता सोपे वाटते. वस्तू हातात घ्यायची, ती कोणती हे ओळखायचे, किंमत लावायची आणि पैसे घ्यायचे. यांपैकी बेरजेचे काम यंत्राने फार पूर्वीच उचलले. ओळखण्याचे काम मात्र माणसाच्या डोळ्यांकडे व स्मरणशक्तीकडे राहिले. गेल्या पन्नास वर्षांत भांडवलाने याच कामाला हात घातला आहे. त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय दुकान कर्मचाऱ्यांपुढील प्रश्नाची नीट उकल होणार नाही.

या इतिहासाचा पहिला टप्पा बारकोडचा. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावी, मार्श नावाच्या दुकानात च्युइंगगमच्या पुड्यावरील पट्ट्या प्रकाशकिरणाने वाचल्या गेल्या. या पद्धतीने झालेली ही पहिली विक्री. येथे यंत्र वस्तू ओळखत नव्हते. वेष्टनावर आधीच छापलेला क्रमांक तेवढा वाचत होते. पण तेवढ्यानेही डब्याडब्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवणारा कामगार मालकांना अनावश्यक वाटू लागला. तेव्हा तेथील दुकान कर्मचाऱ्यांच्या युनियनने आणि ग्राहक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मिशिगन राज्यात प्रत्येक वस्तूवर किंमत असलीच पाहिजे असा कायदा १९७६ साली झाला, आणि तो २०११ पर्यंत टिकला. यंत्र आले ते आलेच. परंतु ते कोणत्या अटींवर यावे हे ठरवण्यात संघटित शक्तीचा वाटा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बटाट्यावर आणि सफरचंदावर मात्र पट्ट्या छापता येत नाहीत. त्यासाठी १९९० पासून फळभाज्यांना चार आकडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. केळ्यांचा क्रमांक ४०११. असे शेकडो क्रमांक गल्ल्यावरच्या कामगाराने पाठ करायचे! हे पाठांतर हेच त्याचे कसब होते, आणि नवा माणूस त्याच्या जागी बसवताना मालकाला तेच आड येत होते. आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी १९९६ साली ‘व्हेजीव्हिजन’ नावाची योजना मांडली. तराजूवर ठेवलेल्या भाजीचे छायाचित्र घ्यायचे, तिचा रंग, पोत व आकार यांची साठवलेल्या नमुन्यांशी तुलना करायची, आणि यंत्राला खात्री नसेल तर काही पर्याय पडद्यावर दाखवायचे. शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा योग्य नाव पहिल्या चार पर्यायांत असे. त्या चारांतून अचूक एक निवडण्याचे काम मात्र अखेर माणसाचेच होते.

जपानमधील उदाहरण याहून बोलके आहे. ह्योगो प्रांतातील निशिवाकी येथील ‘ब्रेन’ या छोट्या कंपनीने २००७ साली पाव ओळखणाऱ्या यंत्रावर काम सुरू केले व २०१३ साली ते विक्रीस आणले. तेथील बेकऱ्यांत तऱ्हेतऱ्हेचे पाव उघडे, वेष्टनाविना विकले जातात. वेष्टन नाही म्हणजे बारकोडही नाही. सगळ्यांची नावे व किमती लक्षात ठेवायला नव्या कर्मचाऱ्याला बराच काळ लागे. या यंत्रात तबकावर कॅमेरा असतो, आणि सावल्यांनी घोटाळा होऊ नये म्हणून प्रकाश तबकाखालून सोडलेला असतो. शंका आल्यास यंत्र त्या पावाभोवती वेगळ्या रंगाची रेघ ओढून कर्मचाऱ्याला विचारते, आणि मिळालेल्या उत्तरातून शिकते. पुढे हेच तंत्र क्योतो येथे कर्करोगाच्या पेशी ओळखण्यासाठी वापरून पाहण्यात आले. यंत्राचा द्वेष करण्याचे कारण नाही, हे यावरून उघड होते. माणसाच्या कसबाला हाताशी धरणारे यंत्रही बनवता येते.

परंतु गेल्या दशकात या विद्येची सूत्रे बड्या मक्तेदार कंपन्यांच्या हाती गेली. कोणतीही वस्तू ओळखणारे यंत्र घडवायचे तर त्याला लाखो चित्रे दाखवावी लागतात, आणि प्रत्येक चित्रात काय आहे हे आधी माणसाने सांगावे लागते. २००९ साली मांडल्या गेलेल्या ‘इमेजनेट’ या संग्रहात पुढे सुमारे एक कोटी चाळीस लाख चित्रे जमली. त्यांना नावे देण्याचे काम दीडशेहून अधिक देशांतील हजारो लोकांनी संगणकावर बसून नगावर मजुरी घेऊन केले. नगावरची मजुरी आपल्या विडी कामगारांना चांगलीच परिचित आहे. येथे फरक इतकाच की या कामगारांना एकमेकांचे तोंडही दिसत नाही. याच संग्रहाच्या आधारे २०१२ साली यंत्राच्या दृष्टीने मोठी झेप घेतली.

२२ जानेवारी २०१८ रोजी अ‍ॅमेझॉनने सिएटल येथे गल्लाच नसलेले दुकान लोकांसाठी उघडले. छतावर कॅमेरे, फळ्यांखाली वजन टिपणारी साधने. ग्राहकाने वस्तू उचलून सरळ चालू लागावे, बिल मागाहून आपोआप येईल. जगभर या ‘स्वयंचलित’ दुकानाचा गवगवा झाला. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेतील आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही व्यवस्था काढून घेण्याचे जाहीर केले. तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रांतून एक गोष्ट पुढे आली: या व्यवस्थेमागे भारतातील सुमारे एक हजार माणसे चित्रफिती पाहत होती, आणि २०२२ साली दर हजार खरेद्यांपैकी सुमारे सातशे माणसांना तपासाव्या लागत होत्या. कंपनीने हे प्रमाण नाकारले. परंतु यंत्राला शिकवण्यासाठी माणसे चित्रफितींवर खुणा करतात आणि काही थोड्या खरेद्या माणसे पडताळतात, हे तिनेही मान्य केले. म्हणजे सिएटलच्या ग्राहकाला न दिसणारा गल्ला समुद्रापलीकडे होता, आणि त्यावर बसणाऱ्याला तिकडच्या गल्लेवाल्याची ना मजुरी होती, ना त्याची युनियन.

मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत काटेकोर भेद केला आहे. तो भेद येथे जसाच्या तसा लागू पडतो. यंत्राची दृष्टी म्हणजे हजारो माणसांचे साठवलेले श्रम. त्या श्रमाचा धनी मात्र श्रम करणारा नाही. जेथे असे यंत्र नाही, तेथे मालक वस्तू ओळखण्याचे काम ग्राहकावरच लादतो आणि त्याबद्दल दमडीही देत नाही. ग्राहक हे निमूटपणे सोसतोच असेही नाही. ब्रिटनमधील बूथ्स या दुकानसाखळीने २०२३ साली आपल्या अठ्ठावीसपैकी दोन दुकाने सोडून सर्वत्र ग्राहकाने स्वतः बिल करण्याची यंत्रे काढून टाकण्याचे ठरवले व गल्ल्यावर पुन्हा माणसे बसवली.

या बाबतीत भारतातील कामगार चळवळीची पाटी कोरी नाही. १९६०च्या दशकात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध इलाको हाउससमोर रात्रंदिवस पहारा दिला होता. कामगारकपात होऊ शकेल अशी तांत्रिक सुधारणा करण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची सूचना दिली पाहिजे, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. कागदावरचा हा हक्क बजावून घ्यायला दुकानाच्या दारात संघटना हवी.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गल्ल्यावर यंत्र बसवण्यापूर्वी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी व्हाव्यात. यंत्रामुळे वाचलेला वेळ कपातीऐवजी कमी तासांच्या रूपाने कामगाराच्या पदरात पडावा. कॅमेरा वस्तू ओळखण्यासाठी आहे असे सांगून तो कर्मचाऱ्याच्या पाळतीवर लावला जाऊ नये. आणि चित्रांना नावे देणाऱ्या, चित्रफिती तपासणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने कामगार मानून किमान वेतन व कामाचे निश्चित तास मिळावेत.

ही शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, कारण हा कामगार कुठल्या फाटकातून आत जाताना दिसत नाही. तो हैदराबाद-बंगलोरच्या कचेऱ्यांत असेल, तालुक्याच्या गावी एखाद्या भाड्याच्या खोलीत असेल, किंवा घरच्या संगणकावर रात्रपाळी करीत असेल. दुकान कर्मचाऱ्यांच्या युनियनने त्याला शोधून काढून सभासद करून घेतले पाहिजे. गल्ल्यावर बसणारा आणि पडद्याआड तपासणारा हे दोघे एकाच कामाचे दोन हात आहेत, हे त्या दोघांनाही पटवून देणे हे येथे जमलेल्या कॉम्रेड्सचे पुढचे काम आहे.