कुरणांचे गाव



आज एका दूरच्या गावाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत नेवाडा नावाचे राज्य आहे. तिथल्या वाळवंटात लास वेगास हे शहर आहे. वर्षाकाठी पाऊस किती? अवघा ४ इंच! आपल्या दुष्काळी भागातसुद्धा याच्या चौपट तरी पडतो.

गंमत अशी, की स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ होतो 'कुरणे'. पूर्वी तिथे जिवंत झरे होते. झऱ्यांकाठी गवत वाढे. पुढे वस्ती वाढली. विंधनविहिरी झाल्या. उपसा काही थांबेना. १९६२ साली झरे आटले. नाव तेवढे कुरणाचे राहिले.

मग शहर कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर जगू लागले. नदीवर मोठे धरण आहे. लोकांना वाटले, आता काय कमी? घरापुढे हिरवळ, दुकानापुढे हिरवळ, रस्त्याकडेला हिरवळ! तिथे ना गुरे चरत, ना मुले खेळत. नुसती शोभा!

२००० सालानंतर नदीला पाणी कमी आले. धरण खाली जाऊ लागले. तेव्हा शहराने हिशेब मांडला. अंघोळीचे, भांड्यांचे पाणी गटारात जाते. ते शुद्ध करून परत धरणात सोडता येते. पण हिरवळीचे पाणी ऊन पिऊन टाकते. ते काही परत येत नाही. बघा, हंड्याचे भोक सापडले!

मग नियम झाले. बागेला पाणी ठरलेल्या वारीच घालायचे. रविवारी मुळीच नाही. उन्हाळ्यात भर दुपारी फवारे बंद. पाणी रस्त्यावर वाहिले तर दंड. जो हिरवळ काढील त्याला पैसे. २०२१ साली राज्याने कायदाच केला. दुकाने, कचेऱ्या, रस्ते यांच्या शोभेच्या हिरवळीला २०२७ सालापासून नदीचे पाणी मना केले. खेळाची मैदाने मात्र वगळली.

हिरवळीच्या जागी तिथलीच झाडे लावली. निवडुंग, घायपात, आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातली झाडे. त्यांना मुळाशी थेंब थेंब पाणी देतात. एक चौरस फूट हिरवळ गेली, की वर्षाला सुमारे २०० लिटर पाणी वाचते. म्हणजे तेरा-चौदा हंडे! मात्र गवताबरोबर सावलीच्या झाडांचेही पाणी तोडले, तर झाडे वाळतात. तेही सांभाळावे लागते.

फळ काय मिळाले? २००२ ते २०२३ या काळात वस्ती सात लाखांहून अधिक वाढली, पण नदीचे पाणी आधीपेक्षा कमी लागले.

आता आपले बघू. वेडी बाभूळ आपल्याकडे परदेशातून आली आणि गायराने बळकावून बसली. तिकडे तिचे भाईबंद शोभतात. आपल्या माळावर बोर, हिवर, पळस शोभतात. ज्या मातीचे झाड, ते त्या मातीत थोड्या पाण्यावर जगते.

मंडळी, त्या गावाने झरे आटल्यावर नियम केले. आपण आधीच करू या. आज घरी गेल्यावर एवढेच शोधा : आपल्या गावच्या हंड्याला भोक कुठे आहे?