उत्तर देणारा पडदा

पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यांत, किकवी नांवाचें गांव आहे. ह्या गांवींच काय, पण महाराष्ट्रांतील कोणत्याहि गांवीं पावसाळ्याच्या संध्याकाळीं घरांत बसून खेळावयाचे खेळ पिढ्यान् पिढ्या ठरलेले होते: सारीपाट, पत्ते, बुद्धिबळ, सागरगोटे. पटावरील सोंगटी कोणी तरी हातानें हलविल्यावांचून हलत नसे. पुढें घरांत दूरदर्शन आलें. त्याच्या पडद्यावरील चित्रें आपण होऊन हलूं लागलीं. परंतु पाहणाऱ्याच्या इच्छेस तीं मुळींच जुमानीत नसत. पडद्यानें दाखवावें आणि घरच्यांनीं पाहावें, एवढाच तो व्यवहार. हा एकमार्गी व्यवहार मोडून पडद्यास उत्तर द्यावयास लावणारें यंत्र म्हणजे घरगुती व्हिडिओ गेम होय.

ह्या यंत्राची मूळ कल्पना राल्फ बेअर ह्या इंजिनियरांची. त्यांचा जन्म १९२२ सालीं जर्मनींत एका ज्यू कुटुंबांत झाला. नाझींच्या छळामुळें १९३८ सालीं तें कुटुंब अमेरिकेस गेलें. तेथें कारखान्यांत नोकरी करतां करतां बेअर ह्यांनीं टपालद्वारां रेडिओदुरुस्तीचें शिक्षण घेतलें, आणि पुढें सँडर्स असोशिएट्स ह्या लष्करी उपकरणें बनविणाऱ्या कंपनींत ते अधिकारपदास चढले. अमेरिकेंत तेव्हां कोट्यवधि घरीं दूरदर्शन-संच होते. इतकें मोलाचें यंत्र घरांत असून घरधन्यानें त्यापुढें नुसतें बसावें, ही गोष्ट त्यांस खटकली. १ सप्टेंबर १९६६ रोजीं त्यांनीं आपली योजना चार पानांत लिहून काढली; आणि बिल हॅरिसन व बिल रश ह्या सहकाऱ्यांच्या साहाय्यानें १९६८ पर्यंत तिला एका तपकिरी पेटीचें रूप दिलें. मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ही पेटी सप्टेंबर १९७२ मध्यें 'ओडिसी' ह्या नांवानें विक्रीस आणली. योगायोग असा, कीं २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें. महाराष्ट्राला पडदा मिळाला, त्याच सुमारास तिकडे पडदा खेळूं लागला होता.

ओडिसीचें सामर्थ्य मात्र बेताचेंच होतें. पडद्यावर प्रकाशाचे दोनतीन चौकोन व एक रेघ, एवढेंच तिला काढतां येई. तिला आवाज नव्हता, रंग नव्हते आणि गुण मोजण्याची सोयहि नव्हती. मैदान, चक्रव्यूह वगैरे देखावे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापून तो पत्रा संचाच्या कांचेस चिकटवावा लागे. पेटीबरोबर फांसे, पत्ते व खेळांतल्या नोटाहि देत असत. नवें यंत्र जुन्या पटाचें बोट धरूनच चालावयास शिकलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यानंतरची मोठी सुधारणा म्हणजे कार्ट्रिज. १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीनें, जेरी लॉसन ह्यांच्या देखरेखीखालीं, असें यंत्र काढलें कीं ज्यांत खेळ वेगळ्या डबींत भरलेला असे. ग्रामोफोन एकदां घ्यावा आणि तबकड्या हव्या तितक्या आणाव्या, तशांतलाच हा प्रकार. पुढल्याच वर्षीं अटारी कंपनीनें ह्याच तत्त्वावर आपलें यंत्र काढून अमेरिकन घरें काबीज केलीं. परंतु तबकड्या बेसूर निघाल्या तर ग्रामोफोनहि अडगळींत जातो. नफ्याच्या आशेनें वाटेल त्यानें वाटेल तसे खेळ बाजारांत ओतले. 'ई. टी.' ह्या गाजलेल्या चित्रपटावरील खेळ १९८२ च्या नाताळास विकावयाचा म्हणून सुमारें पांच आठवड्यांतच उरकण्यांत आला. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला, आणि १९८३ सालीं तो सारा धंदा कोसळला. त्या वर्षीं अटारीनें न विकलेला माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाजवळ ट्रकांनीं नेऊन पुरला. २०१४ सालीं तो उकरला तेव्हां त्यांत ह्या खेळाच्या डब्याहि सांपडल्या.

बुडालेला धंदा सांवरला तो जपानांतील क्योटो शहरच्या एका पत्तेवाल्यानें. निन्टेन्डो ही कंपनी १८८९ सालीं फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं स्थापन झालेली. आपल्या सावंतवाडीस हातानें रंगविलेला गंजिफा होतो, त्याच जातीचा हा कारागिरीचा धंदा. ह्या कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिकॉम' हें यंत्र १४,८०० येनांस विक्रीस काढलें. त्याची रचना मासायुकी उएमुरा ह्यांची, आणि आंगठ्याखालीं चारी दिशांना वळणारी अधिक-चिन्हाची कळ गुनपेइ योकोई ह्यांची. १९८५ सालीं अमेरिकेंत जातांना निन्टेन्डोनें अटारीचा धडा ध्यानांत ठेवला. कार्ट्रिज व यंत्र ह्यांची परस्परांस ओळख पटल्याखेरीज खेळ सुरू होऊं नये, अशी कुलपासारखी चीप तिनें आंत बसविली. ह्या बंदोबस्तामुळें खेळ करणाऱ्यांवर तिची सत्ता चालूं लागली, हें खरें. पण गिऱ्हाईक परत आलें. त्या जातीचीं सहा कोटींहून अधिक यंत्रें जगांत खपलीं.

भारतीय घरांत हें यंत्र मुख्यतः नकलेच्या रूपानें आलें. १९९० नंतरच्या दशकांत 'लिटल मास्टर' सारखीं यंत्रें शहरोशहरीं दिसूं लागलीं. कार्ट्रिजला मुलें 'कॅसेट' म्हणत, आणि ती चालेनाशी झाली कीं तींत फुंकर घालीत. वेष्टणावर हजारों खेळ लिहिलेले असत. प्रत्यक्षांत तेच चारदोन खेळ नांवें बदलून फिरून फिरून येत. घरांत संच एकच. त्यामुळें वडिलांच्या बातम्या आणि मुलांचा मारिओ ह्यांत रोज तंटा होई. अभ्यास बुडतो ही आईबापांची तक्रार अगदींच निराधार नव्हती. खेळाच्या अनावर व्यसनास जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१९ सालीं आपल्या रोगसूचींत स्थान दिलें.

तथापि त्या तंट्यांत एक मोठा प्रश्न झांकलेला राहिला. पडदा खेळणाऱ्यास उत्तर देऊं लागला खरा. पण तें उत्तर कोणाच्या भाषेंत? वीर परके, नगरें परकीं, आणि यंत्र तर नकलेचेंहि नक्कल. किकवीच्या रस्त्यानें पुण्यास पोंचलें असतां ह्या प्रश्नाचें एक उत्तर भेटतें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या लहानशा संस्थेनें 'राजी' नांवाचा खेळ रचला. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावास सोडविण्यासाठीं निघालेली मुलगी ही त्याची नायिका, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णु. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा प्रयत्न फसला. तरी काम थांबलें नाहीं, आणि ऑगस्ट २०२० मध्यें हा खेळ प्रथम निन्टेन्डोच्याच 'स्विच' यंत्रावर प्रसिद्ध झाला.

बेअर ह्यांनीं पाहणाऱ्यास खेळणारा केलें. खेळणाऱ्यानें रचणारा व्हावें, ही त्यापुढली पायरी. मुलांच्या हातांतील खेळ काढून घेण्यापूर्वीं, तो कोणी रचला व कसा रचला, एवढें त्यांस घरोघरीं विचारलें गेलें, तरी त्या पायरीकडे एक पाऊल पडेल.