आधी डॉक्टरची नजर



कृत्रिम बुद्धिमत्तेने वैद्यकाला काय दिले, हे या परिषदेत पुष्कळ ऐकायला मिळेल. ती काय काढून घेऊ शकते, याचे उत्तर शोधायचे तर पोलंडकडे पाहावे लागते.

तिथल्या चार केंद्रांत २०२१च्या अखेरीस कोलोनोस्कोपीच्या मदतीला एआय आले. दुर्बीण मोठ्या आतड्यातून फिरत असताना पडद्यावर संशयास्पद जागेभोवती चौकट उमटते. शोध असतो अॅडेनोमाचा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठीचा. ती वेळीच काढली तर तिथला कर्करोग टळतो. संशोधकांनी एआय येण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने घेतले, आणि त्यांतल्या फक्त एआयविना झालेल्या १,४४३ तपासण्या ताडून पाहिल्या. आधी २८.४ टक्के रुग्णांत अॅडेनोमा सापडत होता; नंतर २२.४ टक्क्यांतच सापडला. तपासणारे १९ डॉक्टर नवखे नव्हते. प्रत्येकाने दोन हजारांहून अधिक कोलोनोस्कोपी केलेल्या होत्या!

हे निष्कर्ष २०२५मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आले. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे घसरणीचे कारण एआयच, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही तो बाजूला सारता येणार नाही. अमेरिकेतल्या २०१४च्या एका मोठ्या अभ्यासात, अॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण एका टक्क्याने जास्त असेल तर पुढे कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी कमी दिसला होता. इथे तर प्रमाण सहा टक्क्यांनी खाली आले.

मग यंत्र नाकारायचे का? मुळीच नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफी चाचणीत एआयमुळे फिल्म वाचण्याचा भार ४४ टक्क्यांनी हलका झाला आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचे एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये मान्यता दिली. मुंबईची क्युअर.एआय ही कंपनी याच कामात आहे. जिथे रेडिओलॉजिस्टच नाही, तिथल्या रुग्णाला ही मदत नाकारणे अन्यायाचे होईल.

खरी काळजी आहे ती शिकणाऱ्यांची. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम वाचायला दिले आणि सोबत एआयचे म्हणून एक उत्तर दाखवले. ते उत्तर बरोबर होते तेव्हा नवख्यांनी सुमारे ८० टक्के मॅमोग्राम बरोबर वाचले. ते चुकीचे होते तेव्हा २० टक्केही नाही. मुरलेल्यांचेही प्रमाण ८२ वरून ४५.५ टक्क्यांवर आले. पोलंडच्या डॉक्टरांकडे किमान गमावण्याजोगी कमाई तरी होती. पहिल्या दिवसापासून चौकटीकडे पाहणाऱ्या रेसिडेंटची नजर तयार कधी होणार?

म्हणून या व्यासपीठावरून विभागप्रमुखांकडे आग्रहाची मागणी आहे. रेसिडेंटने आधी स्वतःचे निदान सहीनिशी लिहावे, मगच यंत्राचा रिपोर्ट उघडावा. दोहोंत फरक पडला तर वरिष्ठांनी त्याच्याशेजारी बसून ती फिल्म पुन्हा वाचावी. गर्दीच्या ओपीडीत हे जड जाईल, तरी वेळ काढावाच लागेल. अनुभवी डॉक्टरांनीही आठवड्यातल्या काही तपासण्या एआय बंद ठेवून कराव्यात आणि त्यांची नोंद वेगळी ठेवावी. पदव्युत्तर प्रात्यक्षिक परीक्षेत यंत्राची मदत नसावी. आणि यंत्र विकत घेताना, ते येण्याआधीचे विभागाचे स्वतःचे आकडे लिहून ठेवायला विसरू नये; ते नसतील तर पुढे घसरण झाली तरी कुणाला कळणार नाही.