पाहुण्यांनी यावं, पण गावाला विचारून

(होळीच्या आधी झालेल्या पाड्यांच्या बैठकीतले भाषण. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यावर वाचून दाखवावे.)



वनदाव्यांची मोजणी अर्धी राहिली आहे आणि तुम्ही पाहुण्यांवर कसली बैठक घेता, असं सकाळी काही जणांनी विचारलं. विचारणं बरोबर आहे. पण हाही जमिनीचाच विषय आहे. पाहुणा पहिल्या वर्षी होळी बघायला येतो, दुसऱ्या वर्षी मित्रांना घेऊन येतो, आणि तिसऱ्या वर्षी विचारतो, "ती वरची टेकडी कोणाची हो?" त्या तिसऱ्या वर्षाच्या आत आपलं ठरलेलं असावं, म्हणून आज बसलो आहोत.

पाहुणा आपला दुश्मन नाही, हे आधी सांगून टाकतो. आपल्याकडे अनोळखी माणूस आला तरी खाट टाकतात, पाणी देतात, मग विचारतात कुठून आलास. आजही मागे शहरातले काही जण बसले आहेत, त्यांनीही ऐकावं. दार बंद करा असं आम्ही म्हणत नाही. पण कोणाच्या घरात जाताना माणूस उंबऱ्यावरून हाक मारतो की नाही? गावात येतानाही तशी हाक मारावी, एवढंच म्हणणं आहे.

होळीचंच घ्या. डाबची होळी होईल, मग काठीची, मग एकेका गावाची. काठीला आता ढोल किती आणि कॅमेरे किती, मोजायला बसलं तर कॅमेरेच जास्त निघतील. आपल्यासाठी ती होळी म्हणजे तमाशा नव्हे. दांडा उभा करायचा खड्डा हातांनी खणतात, अवजार लावत नाहीत. ज्यांनी नवस घेतला, बाबा-बुध्या झाले, कमरेला दुधी आणि घुंगरं बांधली, ते पाळणी पाळतात. खाटेवर निजत नाहीत, पायात काही घालत नाहीत. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते. अशा माणसाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा, त्याचा मोरपिसांचा टोप काढून आपल्या डोक्यावर घालून बघायचा, हे झालेलं आहे. तो माणूस गप्प राहिला. गप्प राहिला म्हणजे त्याला चाललं, असं त्या लोकांनी धरलं. ढोलवाल्यांना शंभराची नोट दाखवून "अंधारात नीट आलं नाही, उजेडात परत एकदा नाचा" म्हणणारेही भेटले. देवाचं काम उजेड बघून परत करायचं!

आणि भोंगऱ्या. होळीच्या आधीचा हा आपला आठवड्याचा बाजार. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन, नवं लुगडं, नाचाचे दागिने, हे सगळं घ्यायला डोंगरातून लोक उतरतात. नातेवाईक भेटतात, ढोल वाजतात, पोरंपोरी हसतात-बोलतात. कुठल्या बाजारात हसत नाहीत? पण बाहेरच्या लोकांनी लिहून ठेवलं की हा लग्नाचा बाजार आहे, इथे पोरगा पोरीला गुलाल लावतो आणि पळवून नेतो. एकाने लिहिलं, दुसऱ्याने ते बघून लिहिलं, आणि आता लोक तेच बघायला येतात. दिसलं नाही तर आपल्यालाच विचारतात, "ते कधी होणार?" आपल्यात लग्न ठरतं ते पंच बसून, दोन्ही घरांच्या बोलण्याने, देज ठरवून. हार-कंगन घेणाऱ्या नणंद-भावजयीचा फोटो काढायचा आणि खाली 'जोडीदाराच्या शोधात' लिहायचं, यात त्या भावजयीने आपल्या घरात काय तोंड दाखवायचं? फोटो काढणाऱ्याला तिचं नावसुद्धा माहीत नसतं.

म्हणून फोटोचं आम्हाला असं वाटतं. बाजारात, होळीला आणि घरी, माणसाला विचारल्याशिवाय फोटो नाही. पाळणीतल्या माणसाचा जवळून फोटो नाही, तो हो म्हणाला तरी पुजाऱ्याला विचारून. देवाच्या जागेचा नाहीच. आणि पैसे घेऊन पोझ देणं आपणही बंद करावं. विशेषतः पोरांनी. दहा रुपयांसाठी हात पुढे करायची सवय लागली की पुढच्या पाहुण्याला आपण भिकारीच दिसणार.

आता पैशाकडे येऊ. पैसा वाईट नाही. आपली पोरं ऊसतोडीला गुजरातला जातात ती हौसेने नाही. काही तरुण म्हणतात, पाहुणे आले तर जीप चालवू, जेवण देऊ, इथेच राहू. त्यांचं म्हणणं उडवून लावू नये. पण हिशोब करावा. पाहुणा शहादा-नंदुरबारहून जीप करतो, भाडं गाडीमालकाला. रात्री तालुक्याच्या लॉजवर राहतो, भाडं लॉजवाल्याला. पाणी बाटलीतलं, जेवण डब्यातलं. पाड्यात उरतं काय, तर थर्माकोलची ताटं आणि प्लॅस्टिक, आणि ते खाऊन पोट फुगलेली गाय. आमचुराचं जे होतं तेच आहे हे. आंबे आपण उतरवायचे, बाया बसून कापायच्या-वाळवायच्या, आणि भाव मात्र धडगावच्या बाजारात व्यापाऱ्याने ठरवायचा. होळी आपली, नाच आपला, डोंगर आपला, आणि भाव ठरवणारा तिसराच.

बदल करायचा तर तो इथे करता येतो. पाहुण्याने पाड्यातच जेवावं, ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, जे घरात शिजतं ते. घरांची पाळी लावावी, म्हणजे रस्त्याकडेच्या दोन घरांनाच सगळं मिळणार नाही. दर गावाने एकच ठरवावा. आमचूर, चारोळी, मध घ्यायचा तर घरातून घ्यावा, बाजारभावापेक्षा कमी मागू नये. आणि पाणी! फाल्गुनात झरा बारीक होतो, बाई दोनदा डोंगर उतरते तेव्हा घर भागतं. पाहुण्याची आंघोळ तिच्या डोक्यावरून येते, हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे. चार दिवसांच्या पाहुण्यांनी पाच महिन्यांची ऊसतोड सुटणार नाही, हेही तरुणांनी ओळखावं. रोजगाराची, जमिनीच्या पाण्याची मागणी सोडून यामागे लागू नका.

आता ती वरची टेकडी.

असे लोक येऊन गेलेत. बोलणं गोड असतं. "विकत नको, फक्त तंबू लावायला द्या. झाड तोडणार नाही. वर्षाला इतके देऊ." आणि बरोबर टाइप केलेला कागद असतो, त्यात तीस वर्षं लिहिलेली. तर नीट ऐका. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं, भाड्याने देणं, यातलं काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ आहे, १९७४ पासून. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालासुद्धा कलेक्टरची आधी मंजुरी लागते. त्याहून जास्त असेल तर सरकारची. आणि वनहक्काची जी जमीन २००६ च्या कायद्याने मिळते ती तर विकताच येत नाही, दुसऱ्याच्या नावे करताच येत नाही. ती वारसाने पोरापोरींकडे जाते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, तेव्हा नवऱ्याने बाजारात बसून अंगठा दिला तरी चालणार नाही. बायांनी हे पाठ करून ठेवा.

कोणी म्हणेल, जंगलाच्या जागेवर करू, तुमच्या नाही. त्याच कायद्यात गावाच्या सोयीसाठी जंगलातली एक हेक्टरपर्यंत जागा द्यायची सोय आहे, ग्रामसभेने शिफारस केली तर. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, पाण्याची टाकी अशी १३ कामं त्यात मोजून दिली आहेत. त्यात हॉटेल नाही.

दूरची एक गोष्ट सांगतो. कर्नाटकात नागरहोळे नावाचं जंगल आहे. तिथल्या जेनू कुरुबा आणि इतर आदिवासींना वन्यप्राण्यांच्या नावाखाली जंगलातून हलवलं गेलं. मध गोळा करणारी ही माणसं. त्यांनी जंगलात राहिलं तर वाघाला त्रास होतो म्हणे. आणि त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या आत एका मोठ्या हॉटेल कंपनीला पर्यटकांसाठी जागा दिली. वाघाला पर्यटकाचा त्रास होत नसावा! १९९६ साली तिथले आदिवासी उठले, काम अडवलं, कोर्टात गेले. १९९७ च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने तो व्यवहार वन संवर्धन कायद्याच्या विरोधात ठरवला. हॉटेल चाललं नाही.

आणि जवळचं बघायचं तर नर्मदेच्या पलीकडे बघा. १९६१ साली धरणाच्या वसाहतीसाठी केवडियाकडच्या सहा गावांची जमीन घेतली. घेताना एक काम सांगतात आणि जमीन परत काही येत नाही.

आपल्या हातात काय आहे ते आता सांगतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी-परंपरा, आपली ओळख आणि गावाची साधनसंपत्ती जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. वनहक्क कायद्याचं कलम ५ त्याहून स्पष्ट आहे. सामूहिक वनात कोणी यायचं, कसं यायचं, याचं नियमन ग्रामसभा करू शकते. जंगलाला, प्राण्यांना बाधा होईल असं काम थांबवू शकते. म्हणजे पाहुण्याला नियम सांगणं ही आपली दादागिरी नाही, कायद्याने दिलेलं काम आहे. आणि ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑफिसातली सही नव्हे. पाडा बसला पाहिजे. सरपंचाने किंवा एखाद्या समितीच्या अध्यक्षाने परस्पर परवानगी दिली, असं यापुढे कोणी सांगू नये.

मागच्या पाहुण्यांना दोन शब्द. तुम्ही आलात, चांगलं झालं. येताना कोणाच्या तरी ओळखीने या, कारभाऱ्याला भेटा. दारू आणू नका, आपली इथली पुरेशी आहे. गाडी पाड्याच्या बाहेर ठेवा. आणलेला कचरा परत न्या, इथे तो उचलायला गाडी येत नाही. पोरांना गोळ्या-चॉकलेट वाटू नका, शाळेला द्यायचं असेल तर गुरुजींना विचारा. नाचावंसं वाटलं तर रांगेत घेतील, पण आधी थोडा वेळ बाजूला उभं राहून बघा. आणि घरी जाऊन काही लिहिलंत तर छापण्याआधी इकडे पाठवा, वाचणारे आहेत आमच्यात.

आता ठरवायचं काम. प्रत्येक पाड्याने होळीच्या आधी बसावं. वहीत ठराव लिहा, तारीख घाला, बायांच्या सह्या-अंगठे अर्ध्याहून कमी नकोत. फोटो, जेवणाचा दर, पाणी, कचरा, आणि जमीन कोणालाही तंबूला न देणं, एवढं त्यात आलंच पाहिजे. एक प्रत पाड्याकडे, एक ग्रामसेवकाकडे पोच घेऊन, एक संघटनेकडे. ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांच्याकडे आम्ही माणूस पाठवू. पाण्याबद्दल वरच्या पाड्याच्या बायांना बोलायचं आहे, दर किती ठेवायचा तेही त्यांनीच सांगावं. माईक तिकडे द्या.